पैसेवाल्यांची वेगळी वाट : अमेरिकेतील नेट-तटस्थतेचा न झालेला कायदा

२ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेतील सिनसिनाटी येथील अपील न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी एक निकाल दिला आणि वीस वर्षे चाललेल्या एका वादावर, निदान केंद्र सरकारपुरता तरी, पडदा पाडला. इंटरनेट सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांनी सर्व संकेतस्थळांना समान वागणूक द्यावी, पैसे घेऊन कोणालाही रांगेत पुढे काढू नये, असा नियम अमेरिकेच्या केंद्रीय संपर्क आयोगाने एप्रिल २०२४ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी केला होता. हा नियम करण्याचा अधिकारच आयोगास नाही, असे न्यायालयाने ठरविले. त्याआधीच मिळालेल्या स्थगितीमुळे तो प्रत्यक्षात अमलात आलाही नव्हता. त्याच्या बाजूने लढणाऱ्या संस्थांनी ऑगस्ट २०२५ मध्ये, आपण सर्वोच्च न्यायालयात दाद मागणार नाही, असे जाहीर केले.

हा तंत्रज्ञांचा आणि वकिलांचा विषय, त्याचे आपल्याला काय, असे काही वाचकांस वाटणे स्वाभाविक आहे. तथापि अमेरिकेतील कॅथलिक बिशपांच्या परिषदेस तसे वाटले नाही. २०१५ साली आयोगाने कडक नियम केले तेव्हा परिषदेच्या संपर्क समितीचे तत्कालीन अध्यक्ष, सॉल्ट लेक सिटीचे बिशप जॉन वेस्टर यांनी त्यांचे स्वागत केले होते. आणि २०१७ साली तेच नियम मोडीत निघू लागले तेव्हा त्या समितीचे तत्कालीन अध्यक्ष, बर्लिंग्टनचे बिशप ख्रिस्तोफर कोयन यांनी जाहीर विरोध नोंदविला होता. त्यांचा मुद्दा साधा होता. नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि केबल या माध्यमांत धार्मिक वा सेवाभावी संस्थांना जागा देण्याचे बंधन मालकांवर नाही. इंटरनेट हे असे एकच माध्यम आहे की जेथे एखादे छोटे धर्मग्राम, एखादी शाळा, एखादे इस्पितळ कोणाची परवानगी न काढता आणि कोणास वेगळा मोबदला न देता आपल्या माणसांपर्यंत पोहोचू शकते. वेगवान वाट विकत मिळू लागली, तर ती विकत घेण्याची ऐपत या संस्थांत नसेल.

आता ही 'वाट' म्हणजे नेमके काय, ते पाहू. आपण एखादे पान उघडतो, चित्रफीत पाहतो किंवा परदेशातील मुलाशी बोलतो, तेव्हा तो सारा मजकूर लहान लहान पुडक्यांत विभागून प्रवास करतो. प्रत्येक पुडक्यावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. वाटेतील यंत्रे पत्ता वाचतात आणि पुडके पुढे ढकलतात. आत काय आहे याची चौकशी करण्याचे त्यांना कारण नसते. पाठविणारा आपल्या टोकाला इंटरनेट कंपनीचे पैसे भरतो, घेणारा आपल्या टोकाला भरतो. या व्यवस्थेत तिसरे बिल नाही. नेट-तटस्थता या शब्दाचा अर्थ एवढाच की वाटेतल्याने पुडके अडवू नये, मुद्दाम रेंगाळवू नये आणि जादा पैसे घेऊन दुसऱ्याच्या पुढे घालू नये. हा शब्द रूढ केला तो टिम वू या कायद्याच्या प्राध्यापकाने, २००३ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात.

शब्द नवा असला तरी कल्पना जुनी आहे. इंग्लंडच्या जुन्या न्यायपरंपरेत तरीवाला, मालवाहू गाडीवाला आणि सरायवाला यांच्यावर असे बंधन असे की, ठरलेले दाम देईल त्याला नाकारता येणार नाही. खाडीवरची तर एकच असेल आणि नावाडी एका व्यापाऱ्याचा भाजीपाला आधी नेऊन दुसऱ्याचा किनाऱ्यावर कुजत ठेवू लागला, तर तो नावाडी न राहता बाजाराचा मालक होतो. अमेरिकेने हेच तत्त्व रेल्वेला आणि पुढे १९३४ च्या संपर्क कायद्याने दूरध्वनीला लावले. इंटरनेटला ते लागते की नाही, हाच सारा वाद आहे. १९९६ साली त्या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली तेव्हा दोन कप्पे पाडले गेले. एक 'दूरसंचार सेवा', जिच्यावर तरीवाल्याचे बंधन आहे; दुसरी 'माहिती सेवा', जिच्यावर ते नाही. घरोघरी येणारे वेगवान इंटरनेट कोणत्या कप्प्यात, हे संसदेने स्पष्ट लिहिले नाही. २००२ साली आयोगाने केबलवरील इंटरनेट दुसऱ्या कप्प्यात टाकले, आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने, कायदा संदिग्ध असल्यामुळे आयोगाचा अर्थ ग्राह्य धरावा, असे म्हणून त्यास मान्यता दिली.

त्याच २००५ साली नॉर्थ कॅरोलिनातील मॅडिसन रिव्हर नावाच्या एका लहान दूरध्वनी कंपनीने आपल्या ग्राहकांना इंटरनेटवरून स्वस्तात फोन करण्याची सोय बंद केली होती. कारण उघड होते. ती सोय तिच्याच धंद्यावर गदा आणीत होती. आयोगाने चौकशी करताच कंपनीने अडवणूक थांबवून १५,००० डॉलर भरले. याच वर्षी एका बलाढ्य दूरध्वनी कंपनीच्या प्रमुखाने एका मुलाखतीत, गूगलसारख्यांनी आमच्या नळांतून फुकट का जावे, असा सवाल केला. या सवालात एक चलाखी आहे. गूगल आपल्या टोकाचे पैसे भरतेच आणि ग्राहकही आपल्या टोकाचे भरतो. फुकट कोणीच जात नाही. मागणी होती ती तिसऱ्या बिलाची.

२००७ सालची कथा आमच्या वाचकांना अधिक जवळची वाटेल. अमेरिकेतील सर्वांत मोठ्या केबल कंपनीचे, म्हणजे कॉमकास्टचे, काही ग्राहक तक्रार करू लागले की आपण इतरांना पाठवीत असलेल्या फायली मध्येच तुटतात. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने स्वतः प्रयोग करून पाहायचे ठरविले. चोरीचे चित्रपट पाठविले तर कंपनीला सबब मिळेल. म्हणून त्यांनी असा ग्रंथ निवडला की ज्यावर कोणाचाही प्रताधिकार नाही. तो ग्रंथ म्हणजे किंग जेम्स बायबल, १६११ सालचे इंग्रजी भाषांतर. बिटटॉरेंट पद्धतीने बायबलची ही फाईल एका संगणकाकडून दुसऱ्याकडे पाठविताना असे दिसले की मध्ये बसलेले कंपनीचे यंत्र दोन्ही बाजूंना 'संभाषण संपले' असा खोटा निरोप देते, आणि तोही जणू समोरचा संगणकच बोलतो आहे अशा थाटात. पोस्टमनने पत्र न देणे ही एक गोष्ट झाली. येथे पोस्टमनच पाठविणाऱ्याच्या सहीने 'पत्र येणार नाही' अशी चिठ्ठी लिहून देत होता. कंपनीला बायबलशी वैर नव्हते, हे उघड आहे. तिचे यंत्र आतला मजकूर पाहत नव्हते, केवळ पाठविण्याची पद्धत ओळखून तोडत होते. पण त्यामुळे दोष कमी होत नाही. चाळणी कोणासाठी लावली आणि तीत कोण अडकले, याचा हिशेब लावणाऱ्यास ठेवावा लागत नाही, हेच तिचे दुखणे.

२००८ साली आयोगाने कंपनीला हे थांबविण्याचा आदेश दिला; एप्रिल २०१० मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने, असा आदेश देण्याचा कायदेशीर अधिकार आयोगाने दाखविलेला नाही, असे म्हणून तो रद्द केला. डिसेंबर २०१० मध्ये आयोगाने नवे नियम केले. १४ जानेवारी २०१४ रोजी त्याच न्यायालयाने त्यांचा गाभा काढून टाकला. तुम्ही ज्यांना तरीवाल्याच्या कप्प्यातून बाहेर काढले त्यांच्यावर तरीवाल्याचे बंधन कसे घालता, असा त्याचा आशय होता. यानंतर पुढच्याच महिन्यात नेटफ्लिक्सने कॉमकास्टशी करार करून तिच्या जाळ्याशी थेट जोडणीसाठी पैसे देण्याचे मान्य केले. त्याआधी कित्येक महिने कॉमकास्टच्या ग्राहकांकडे नेटफ्लिक्सची चित्रे अडखळत होती. करारानंतर ती झपाट्याने सुधारली. काटेकोरपणे पाहता हा जाळ्यातल्या वेगवान वाटेचा सौदा नव्हता, जाळ्याच्या वेशीवरच्या जोडणीचा होता, आणि दोष कोणाचा यावर दोन्ही पक्षांची वेगवेगळी कैफियत होती. तरी सामान्य माणसाने त्यातून जो बोध घेतला तो चुकीचा नव्हता. ज्याच्या हातात घरापर्यंतची शेवटची वाट, त्याच्या हातात सौद्याची चावी.

मे २०१४ मध्ये आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष टॉम व्हीलर यांनी असा मसुदा पुढे आणला की 'व्यापारी दृष्ट्या वाजवी' असतील असे सौदे करण्यास मुभा राहावी. वेगवान वाटेस सरकारी दार किलकिले झाले, असा त्याचा अर्थ लोकांनी घेतला आणि एकच गदारोळ उठला. आयोगाकडे सुमारे ४० लाख अभिप्राय पोहोचले. नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी कडक नियमांची बाजू घेतली. शेवटी २६ फेब्रुवारी २०१५ रोजी आयोगाने तीन विरुद्ध दोन मतांनी इंटरनेटला पहिल्या कप्प्यात, म्हणजे तरीवाल्याच्या बंधनात आणले आणि अडवणूक, रेंगाळवणूक व पैसे घेऊन अग्रक्रम या तिन्हींस मनाई केली. २०१६ साली अपील न्यायालयाने हे मान्यही केले. मग सरकार बदलले. १४ डिसेंबर २०१७ रोजी अजित पै यांच्या अध्यक्षतेखाली आयोगाने तीन विरुद्ध दोन मतांनीच ते सारे रद्द केले. २०२४ साली पुन्हा तीन विरुद्ध दोन, पुन्हा मनाई. मते तीच, आकडे तेच, केवळ माणसांची बाके बदलली.

वेगवान वाटेच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेत नाही. ते विचारतात : टपाल खात्यात स्पीड पोस्ट नाही काय? रेल्वेत पहिला वर्ग नाही काय? जास्त पैसे देणाऱ्यास जास्त वेग, यात पाप कोणते? शिवाय जाळे उभारायला अफाट भांडवल लागते. ते दोन्ही बाजूंनी थोडे थोडे वसूल झाले तर ग्राहकाचे बिल हलके होईल. या युक्तिवादास उत्तर द्यावयाचे तर दोन गोष्टी पाहाव्या लागतात. स्पीड पोस्टचे दर छापील असतात. टपाल खाते एका दुकानदाराशी गुपचूप करार करून त्याच्या प्रतिस्पर्ध्याला तो दर नाकारीत नाही. आणि दुसरे असे की गर्दीच्या वेळी जाळ्याची क्षमता ठरलेली असते. रेशनच्या रांगेत एक जण पैसे देऊन पुढे गेला की मागचे सगळे एकेक जागा मागे सरतात. रांग काही लांबीने कमी होत नाही. पुढे जाण्याला भाव यायचा असेल, तर मागे राहणे त्रासाचे असले पाहिजे. ज्याला अग्रक्रम विकायचा आहे त्याला साधी वाट सुधारण्यात रस राहील, असे मानणे आम्हांस कठीण वाटते. त्यातही अमेरिकेच्या पुष्कळ भागांत घरात इंटरनेट घ्यायचे तर एक किंवा दोनच कंपन्या असतात. नाराज ग्राहक जाणार कोठे?

तथापि दुसऱ्या बाजूचीही एक अडचण सांगितली पाहिजे. २०१७ साली नियम रद्द होताना, आता इंटरनेट संपले, असा जो आकांत झाला तसे काही घडले नाही. ११ जून २०१८ रोजी नियम प्रत्यक्षात गेले आणि १२ जूनला संकेतस्थळे पूर्वीसारखीच उघडली. कंपन्यांचे समर्थक हा दाखला आजही देतात. परंतु त्याच वर्षी ३० सप्टेंबरला कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी स्वतःच्या राज्यापुरता तितकाच कडक कायदा सहीनिशी मंजूर केला. वॉशिंग्टन राज्याने तर मार्चमध्येच पहिला कायदा केला होता. जी कंपनी देशभर धंदा करते तिला कॅलिफोर्नियात एक वागणूक आणि शेजारच्या नेव्हाडात दुसरी, असे करणे परवडत नाही. शिवाय प्रकरण न्यायालयांत लोंबकळत असताना कोणी उघडपणे अग्रक्रमाचे दुकान मांडील, इतकी कंपन्यांची वकील मंडळी भोळी नाहीत. अनर्थ झाला नाही, याचे श्रेय नियम नसण्याला द्यायचे की नियम पुन्हा येण्याच्या धाकाला, हे सिद्ध करणे अवघड आहे. आमचा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे.

२०१८ च्या उन्हाळ्यातील आणखी एक घटना या वादात वारंवार सांगितली जाते. कॅलिफोर्नियात मेंडोसिनो परिसरात प्रचंड वणवा पेटला असताना सांता क्लारा परगण्याच्या अग्निशमन दलाच्या नियंत्रण वाहनाचे इंटरनेट व्हेरायझन कंपनीने जवळजवळ ठप्प केले. दलाने घेतलेल्या योजनेतील मर्यादा संपली होती. जवानांनी निकड सांगितली, तरी त्यांना अधिक महाग योजना घेण्यास सुचविण्यात आले. कंपनीने नंतर ही ग्राहकसेवेतील चूक असल्याचे मान्य केले आणि तिचा तटस्थतेच्या नियमांशी संबंध नाही, असे सांगितले. तंत्रदृष्ट्या तिचे म्हणणे निराधार नाही. योजनेची मर्यादा सर्वांनाच लागू होती, कोणा एका संकेतस्थळास नाही. परंतु आयोग जर आपल्या कप्प्यातून हात काढून बसला असेल, तर अशा प्रसंगी दलाने तक्रार कोणाकडे करायची, हा प्रश्न उरतोच. २०१९ साली नियमरद्दीचा निर्णय बहुतांशी कायम करताना न्यायालयानेही, लोकांच्या जीविताच्या सुरक्षिततेचा विचार आयोगाने केला नाही, असा ठपका ठेवून तो भाग परत पाठविला होता. त्याच निकालात, राज्यांनी आपले कायदे करूच नयेत ही आयोगाची सरसकट बंदीही रद्द झाली. कॅलिफोर्नियाचा कायदा आज उभा आहे तो त्या आधारावर. जानेवारी २०२२ मध्ये नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयानेही त्याला हात लावण्यास नकार दिला.

२०१७ साली लोकमत मागविण्याचे जे झाले, ते आमच्या मते या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत लाजिरवाणे पान आहे. आयोगाकडे २ कोटी २० लाखांहून अधिक अभिप्राय जमा झाले. लोकशाहीचा केवढा हा विजय, असे वाटावे. न्यूयॉर्क राज्याच्या महान्यायअभिकर्त्या लेटिशिया जेम्स यांच्या कार्यालयाने चौकशी करून मे २०२१ मध्ये अहवाल दिला, त्यात यांपैकी सुमारे १ कोटी ८० लाख अभिप्राय बनावट निघाले. सुमारे ८५ लाख इंटरनेट कंपन्यांच्या पैशाने चाललेल्या मोहिमेतून आलेले होते. बक्षिसाच्या वा सवलतीच्या आमिषाने गोळा केलेली, किंवा कोठून तरी उचललेली खऱ्या माणसांची नावे त्यांच्या संमतीवाचून वापरण्यात आली होती. दुसऱ्या बाजूचे हातही स्वच्छ नव्हते. तटस्थतेच्या बाजूचे ७७ लाख अभिप्राय एका १९ वर्षांच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने संगणकाकरवी कल्पित नावांनी धाडले होते. एखाद्या विधवेला कळावे की आपल्या दिवंगत पतीच्या नावाने सरकारला पत्र गेले आहे, आणि ज्या प्रश्नाविषयी गेले तो त्यांनी कधी ऐकलाही नव्हता. अशा प्रकारांस या पद्धतीत कोणताही अडसर नव्हता. लोकांचा आवाज ऐकण्यासाठी उघडलेले दार पैशाने आणि यंत्राने इतके भरून गेले की खऱ्या माणसाचा आवाज त्यात ऐकूच येईना. वेगवान वाटेवर रागावलेल्यांनी व तिचे समर्थन करणाऱ्यांनी मिळून येथे रांग मोडली.

सरतेशेवटी नेट-तटस्थता बुडाली ती एका मासेमारीच्या खटल्यामुळे, हे आमच्या अर्नाळा-उत्तनच्या वाचकांना नवल वाटेल. अटलांटिक किनाऱ्यावर हेरिंग मासळी पकडणाऱ्या नौकांवर सरकारी निरीक्षक बसवावा आणि त्याचा खर्च, दिवसाला सुमारे ७०० डॉलर, नौकामालकाने सोसावा, असा नियम एका सरकारी खात्याने केला होता. कायद्यात असे कोठे लिहिले आहे, असे विचारीत मच्छीमार कंपन्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. कायदा संदिग्ध असेल तर खात्याने लावलेला वाजवी अर्थ न्यायालयाने मानावा, अशी १९८४ पासून चालत आलेली रीत होती. २८ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रीतच मोडली. यापुढे कायद्याचा अर्थ न्यायालय स्वतः लावील. याच रीतीवर २००५ चा, २०१६ चा आणि २०१९ चा, असे परस्परविरोधी निर्णय टिकाव धरून होते. ती जाताच सिनसिनाटीच्या न्यायमूर्तींनी १९९६ चा मजकूर स्वतः वाचला आणि इंटरनेट सेवा ही माहिती सेवाच आहे, असे ठरविले. यापुढे आयोगात कोणत्याही पक्षाचे तीन सदस्य बसले तरी त्यांना हा कप्पा बदलणे दुरापास्त आहे.

उरली ती संसद. तिचा या बाबतीतला इतिहास फारसा आशादायक नाही. जून २००६ मध्ये प्रतिनिधिगृहात एडवर्ड मार्की यांची तटस्थतेची दुरुस्ती १५२ विरुद्ध २६९ मतांनी पडली. त्याच महिन्यात सिनेटच्या समितीत तशीच दुरुस्ती अकरा विरुद्ध अकरा अशा बरोबरीने बारगळली. मे २०१८ मध्ये सिनेटने ५२ विरुद्ध ४७ मतांनी नियम परत आणण्याचा ठराव केला, तो प्रतिनिधिगृहाने घेतलाच नाही. एप्रिल २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहाने २३२ विरुद्ध १९० मतांनी विधेयक संमत केले, ते सिनेटने घेतले नाही. २००६ साली हा प्रश्न अजून पुरता पक्षीय झालेला नव्हता. समितीतील त्या दुरुस्तीच्या दोन प्रस्तावकांपैकी ऑलिंपिया स्नो या रिपब्लिकन होत्या आणि बायरन डॉर्गन डेमोक्रॅट. तेव्हा एक मत इकडचे तिकडे झाले असते तर कदाचित पुढची वीस वर्षे वाचली असती. वेळ गेली, आणि मग प्रश्नाला झेंडा चिकटला.

आपल्याकडे हे प्रकरण वेगळ्या मार्गाने गेले. फेसबुकची 'फ्री बेसिक्स' योजना अनेकांना आठवत असेल. काही निवडक संकेतस्थळे फुकट, बाकीच्यांना पैसे. गरिबांना निदान काहीतरी मिळते आहे, मग विरोध का, असा प्रश्न तेव्हा कित्येक सद्हेतू असणाऱ्यांनीही विचारला. पण काय फुकट मिळावे याची निवड कंपनीच्या हाती, हा त्यातला काटा होता. एखाद्या आदिवासी पाड्यावरच्या मुलाला फुकट म्हणून जे मिळेल, त्यालाच तो इंटरनेट समजेल. दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे, म्हणजे ट्रायकडे, २०१५ साली दहा लाखांहून अधिक पत्रे गेली आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकूर पाहून वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली. दंड दिवसाला ५०,००० रुपये, जास्तीत जास्त ५० लाख. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने अडवणूक, रेंगाळवणूक व अग्रक्रम यांच्याविरुद्धच्या शिफारशीही मान्य करून परवान्याच्या अटींत घातल्या. दोन मोबाइल कंपन्यांनी जास्त पैसे भरणाऱ्या ग्राहकांना अधिक वेग देऊ करणाऱ्या योजना काढल्या, तेव्हा जुलै २०२० मध्ये ट्रायने त्या थांबविण्यास सांगितले होते.

तरीही एक प्रश्न आम्हांस अस्वस्थ करतो आणि त्याचे उत्तर अमेरिकेच्या नियमांत नव्हते, आपल्याही नियमांत नाही. २०२० च्या टाळेबंदीत धर्मग्रामांच्या मिस्सा घरोघरी पोहोचल्या, त्या बहुतेक यूट्यूब आणि फेसबुकवरून. या कंपन्यांनी आपले स्वतःचे साठे मोबाइल कंपन्यांच्या दारात नेऊन ठेवले आहेत. त्यांची वाट कोणत्याही अग्रक्रमावाचूनच जवळची आणि वेगवान झालेली आहे. याउलट, एखाद्या संस्थेने स्वतःच्या लहानशा यंत्रावर ठेवलेली चित्रफीत दूरवरून अडखळत येते. शिवाय कोणती चित्रफीत कोणाला आधी दाखवायची हे ठरविणारे गणित याच कंपन्यांपाशी आहे आणि ते कोणास कळत नाही. नेट-तटस्थतेचा नियम नळ टाकणाऱ्यास बांधतो, पाण्याच्या टाकीच्या मालकास बांधत नाही. फेब्रुवारी २००२ मध्ये व्हॅटिकनच्या समाजसंपर्क परिषदेने इंटरनेटवर दोन दस्तऐवज प्रसिद्ध केले. त्यांत साधने असलेले आणि नसलेले यांच्यातील दरीची चिंता होती. पण मूठभर मंचांकडे सारी वर्दळ एकवटेल, हे चित्र त्या काळी स्पष्ट झालेले नव्हते.

इंटरनेट कंपन्या नेमका हाच धागा पकडून आता बोलू लागल्या आहेत. जाळ्यावरची बहुतांश वर्दळ मूठभर श्रीमंत कंपन्यांची आहे, मग जाळ्याच्या खर्चात त्यांनी 'न्याय्य वाटा' का उचलू नये, अशी मागणी युरोपात आणि २०२३ साली भारतातील मोबाइल कंपन्यांच्या संघटनेनेही केली. २००५ चे तिसरे बिल नव्या नावाने परत आले आहे. दक्षिण कोरियात पाठविणाऱ्या बाजूने पैसे भरण्याची पद्धत आहे. तेथील जाळ्याचा खर्च असह्य आहे असे सांगून ट्विच या चित्रफीत सेवेने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या देशातून गाशा गुंडाळला. गूगलसारखी कंपनी हे बिल भरून मोकळी होईल. जी नवी कंपनी उद्या तिच्याशी स्पर्धा करणार, ती भरू शकेल काय?

इकडे ५जी तंत्राने वाटेचे तुकडे पाडणे सोपे केले आहे. एकाच मनोऱ्यावरून एक पट्टा राखीव ठेवून तो हव्या त्या सेवेला देता येतो. अमेरिकेत टी-मोबाइलने २०२४ साली असा पट्टा अग्निशमन दल, पोलीस आणि रुग्णवाहिका यांच्यासाठी देऊ केला. सांता क्लाराच्या जवानांना २०१८ साली जे हवे होते ते हेच, आणि त्याला कोणी वाटमारी म्हणणार नाही. मात्र तोच पट्टा एखाद्या खेळाच्या कंपनीला किंवा चित्रपटाच्या दुकानाला भाड्याने देण्यास आज अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात आडकाठी नाही. आडकाठी आहे ती कॅलिफोर्नियासारख्या मोजक्या राज्यांत, आणि त्या राज्यांचे कायदे वरचढ ठरतील असा केंद्रीय कायदा करावा, अशी कंपन्यांची मागणी जुनीच आहे. वीस वर्षे संसदेकडे तटस्थतेचे समर्थक जात होते. यापुढे तेथे प्रथम कोण पोहोचतो ते पाहावयाचे.